खरवडलेलं लेबल

परवा दुपारी कोथिंबीर आणायला म्हणून बाहेर पडले आणि कोथिंबीर सोडून एक रेकॉर्ड घेऊन घरी आले. नेहमीचंच आहे हे. आमच्याकडे साउथ लंडनमध्ये कोपऱ्यावर एक चॅरिटी शॉप आहे, तिथे पुस्तकांच्या फळीखाली एक खोकं असतं, त्यात सात इंची रेकॉर्डी उभ्या कोंबलेल्या, निम्म्यांना कव्हर नाही, काहींवर तर कुणी चहाचे कप ठेवलेत असे गोल डाग. मी तिथे फतकल मारून बसते. दुकानातल्या बायका आता काही बोलत नाहीत, फक्त पाय ओलांडून जातात.

तर त्या खोक्यात एक रेकॉर्ड सापडली, तिचं लेबल खरवडलेलं. फाटलेलं, भिजलेलं वगैरे नाही, मुद्दाम, नाण्याने नाहीतर खिळ्याने घासून घासून पार पांढरं केलेलं, दोन्ही बाजूंनी. मधलं मोठं भोक. आणि त्या पांढऱ्यावर निळ्या बॉलपेनने फक्त एक आकडा, ४७.

ज्यांना हा नाद आहे त्यांच्या काळजाचा ठोका इथेच चुकला असेल. माझा चुकला. एक पाउंड. चष्मा घरी, त्यामुळे सुई संपते तिथल्या गुळगुळीत पट्टीवर जे बारीक नंबर कोरलेले असतात ते काही दिसेनात, आणि न बघता कधीही घ्यायचं नाही हा माझाच नियम. घेतली.

कारण खरवडलेलं लेबल म्हणजे जमैकातलं किंग्स्टन. १९५०च्या दशकातलं किंग्स्टन, जिथे घरी रेडिओ असणं ही चैन होती आणि लोक पैसे देऊन उघड्या मैदानात, भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर नाचायला जायचे. साउंड सिस्टिमवाल्यांचं सगळं भांडवल म्हणजे अमेरिकेतून आणलेल्या रेकॉर्डी. जी माझ्याकडे आहे ती समोरच्याकडे नाही, एवढ्यावर गर्दी इकडे की तिकडे ते ठरायचं. मग हे लोक काय करायचे, तर लेबलच खरवडून टाकायचे, म्हणजे समोरच्याचा माणूस येऊन खांद्यावरून डोकावला तरी त्याला ना गाण्याचं नाव कळणार ना गाणाऱ्याचं. वर आपणच नवीन नाव ठेवायचं. ह्या साउंड सिस्टिमवाल्यांतल्याच कॉक्सन डॉडने विलिस जॅक्सन नावाच्या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याची एक रेकॉर्ड अशीच ‘कॉक्सन हॉप’ करून टाकली होती, त्याची ओळखच झाली होती ती. आणि त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी ड्यूक रीड, माजी पोलीस, बायकोचं दारूचं दुकान, कमरेला पिस्तूल लावून स्वतःच्या डान्सला येणारा, त्याने ती शोधून काढली. आणि एका रात्री लावली. कॉक्सन तिथेच उभा होता आणि ऐकून कोसळलाच असं सांगतात. सांगणाऱ्यांनी मीठमसाला लावला असेलही, पण मला ते खरं वाटतं. मी ज्याअर्थी सांगते त्याअर्थी.

हा कॉक्सन म्हणजे मूळचा क्लेमंट डॉड. शाळेत क्रिकेट बरं खेळायचा म्हणून पोरांनी यॉर्कशायरच्या अ‍ॅलेक कॉक्सनचं नाव त्याला चिकटवलं. तो खरा कॉक्सन इंग्लंडकडून एकच टेस्ट खेळला, १९४८ला लॉर्ड्सवर, आणि संपला विषय. त्याचं नाव मात्र जमैकात राहिलं. हे मी सासऱ्यांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांना माझ्या छंदात थोडा रस वाटला. आईला कधीच वाटला नाही. रेगे म्हणजे जमैकाचं संगीत, पण तिला कितीतरी दिवस वाटायचं की मी कुणा रेग्यांच्या रेकॉर्डी गोळा करते. ‘कुठले गं हे रेगे? आपले सावंतवाडीकडचे का?’ मग मी रेगे गाणाऱ्या बॉब मार्लेचा फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, केस विंचरत नाही का हा. आणि मग, गांजा ओढतो ना? तर आई, तो शब्दसुद्धा तिकडे आपल्याकडूनच गेलाय, १८४५पासून ऊसाच्या मळ्यांवर मजूर नेले ना, त्यांच्याबरोबर. तिने फोन ठेवला.

सांगायचं ते राहिलंच.

वाळवा तालुक्यात आमचं गाव, आणि जत्रेला आमच्या घराच्या ओट्यावर स्पीकरवाल्या काकांचं बस्तान पडायचं, कारण विजेचं कनेक्शन आमच्याकडून घ्यायचे. लाकडी पेटीत मशीन, वर प्लेअर, वायरची भेंडोळी, आणि दोन कर्णे, एक समोरच्या लिंबाला आणि एक देवळाच्या शिखराकडे तोंड करून. रेकॉर्डी पुसायचं काम माझं. त्यासाठी काकांच्या जुन्या धोतराचा एक तुकडा होता, मऊ, त्याला रॉकेलचा आणि तंबाखूचा वास, आणि पुसायचं ते गोल गोल, रेषेच्या अंगाने, आडवं पुसलं की टपली. आजही मी रेकॉर्ड पुसते तेव्हा ब्रश, लिक्विड सगळं असतं समोर, पण हात तसाच फिरतो. आडवं पुसणाऱ्या माणसाला मी रेकॉर्ड देत नाही. तसं कुणालाच देत नाही म्हणा.

काकांच्या काही रेकॉर्डींच्या लेबलवर काळी चिकटपट्टी होती, इलेक्ट्रिकवाल्यांची, आणि पट्टीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर. मला वाटायचं, फाटलंय म्हणून चिकटवलं असेल. पण जत्रेत ओढ्याच्या पलीकडे दुसऱ्या गावचा स्पीकरवाला यायचा आणि रात्रभर ह्यांचं आणि त्याचं चालायचं. त्याने एक लावली की ह्यांनी त्याच्यावर. लोक खरंच ओढ्यातून इकडून तिकडे जायचे, चपला हातात घेऊन. आणि पहाटेच्या सुमाराला गर्दी पेंगायला लागली की काका पट्टीवाली अकरा नंबरची काढायचे. लावणी होती. कुणाची ते गावात कुणाला माहीत नव्हतं. ती लागली की पलीकडचे गपगार.

मला माहीत होतं. उन्हाने पट्टीचं एक टोक सुटलं होतं आणि मी चौथीत होते, जे दिसेल ते वाचायचे, चुरमुऱ्याच्या पुडीचा कागदसुद्धा. पलीकडच्या स्पीकरवाल्याचा पोऱ्या दुपारी ओढ्यावर भेटला, त्याने गारेगार घेऊन दिलं, लाल, आणि विचारलं. मी सांगितलं. नाव सांगितलं, गाणारीचं पण सांगितलं, आठवून आठवून सांगितलं.

पुढच्या वर्षी ती पलीकडून लागली. पहाटे नाही, संध्याकाळीच, दिवे लागायच्या वेळेला, सगळ्यात आधी. काका वायर सोडवत होते. थांबले. मग परत सोडवायला लागले. त्या रात्री त्यांनी अकरा नंबर पेटीतून काढलीच नाही. मला काही विचारलं नाही, धोतराचा तुकडा दिला नेहमीसारखा.

आणि गंमत म्हणजे मला आता ते गाणं आठवत नाही. चालही नाही. गारेगारचा रंग आठवतो.

असो. किंग्स्टनमध्ये पुढे असं झालं की अमेरिकेत रॉक अँड रोल आलं, ह्यांना हवी तशी ऱ्हिदम अँड ब्लूजची गाणी मिळेनाशी झाली, मग ह्याच लोकांनी गावातले वाजवणारे गोळा करून स्वतःच रेकॉर्डी काढायला घेतल्या. त्यातून स्का, मग रॉकस्टेडी, रेगे. आणि त्या रेकॉर्डी कशा, तर भोक मधोमध नाही म्हणून आवाज हेलकावे खातो, एकाचं लेबल दुसऱ्याला, ‘अ’ बाजूचं ‘ब’ला. मला त्या तशाच आवडतात. नीट रीमास्टर वगैरे केलेलं ऐकलं की हॉस्पिटलात आल्यासारखं वाटतं. जमैकाचाच ड्यूक व्हिन १९५४ला जहाजातून चोरून लंडनला आला आणि पुढच्या वर्षी लॅडब्रोक ग्रोव्हला त्याने साउंड सिस्टिम उभी केली, तेव्हापासून ह्या शहरातल्या कुठल्या माळ्यावर, कुठल्या खोक्यात काय पडलं असेल ह्याचा नेम नाही. म्हणून तर मी फतकल मारून बसते.

घरी आले. चष्मा बाजूलाच होता, पण धीर कोणाला. पुसली, गोल गोल, रेषेच्या अंगाने. मधल्या भोकात अडॅप्टर बसवला. सुई ठेवली. खरखर, ती ओळखीची, तळणीत मोहरी टाकल्यासारखी, आणि मी डोळे मिटून ट्रॉम्बोनची वाट बघतेय.

जिम रीव्ह्ज.

जिम रीव्ह्ज! अमेरिकेतला कंट्री गाणारा. तो मखमली, सावकाश, कानात येऊन बोलल्यासारखा आवाज. आता जमैकात लोकांना जिम रीव्ह्ज भयंकर आवडायचा हे मला माहितीये, म्हणजे ती तिकडच्या माणसाची असेलही, पण लपवायला काय होतं त्यात? जी घरोघरी वाजते तिचं लेबल कोण खरवडतं? कंटाळलेलं पोर असेल एखादं. आणि ४७ म्हणजे काय, सत्तेचाळीस पेन्स?

नवरा स्वयंपाकघरातून पळत आला. तो वसईचा. ‘अगं, हा तर आमच्याकडे नाताळात गल्लीभर चालू असायचा!’ आणि तिथेच दारात उभा राहून, हातात कलथा, शेवटपर्यंत ऐकलं त्याने. माझ्या अकराशे रेकॉर्डींतली त्याने स्वतःहून परत लाव म्हटलेली ही पहिली. कोथिंबीर कुठाय विचारायचं पण विसरला.

रविवारी आमची मंडळी जमणार आहेत, सगळे याच रोगाचे, आल्या आल्या खोकी उचकणारे. ४७ नंबर मी स्काच्या खोक्यात मधोमध उभी करून ठेवलीये. कुणी विचारलं तर सांगणार नाहीये.