आमची वाटचाल : चाळीस अंशांचा हिशेब

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर सुरुवात झाली ती हवामान केंद्रांच्या सेन्सर दुरुस्तीने. तापमानाच्या नोंदी तपासायचं काम नंतर गळ्यात पडलं, कारण दुरुस्तीला आलेले बरेचसे सेन्सर ठणठणीत निघायचे आणि दुखणं असायचं केबलमध्ये, टर्मिनलमध्ये, नाहीतर एक्सेलमध्ये. कोकणातला एक पावसाळा झाला की टर्मिनलवर हिरवट थर चढतो. पीटी-१०० (शून्य अंशाला १०० ओहम रोध असलेला प्लॅटिनमचा सेन्सर) अंशाला साधारण ०.३८५ ओहमने बदलतो, म्हणजे दोन वायरींच्या जोडणीत गंजाने १ ओहम वाढवला की केंद्र २.६ अंश जास्त दाखवणार. तीन वायरी वापरा, जमलं तर चार. कोणी विचारत नाही, तरी आम्ही सांगतो.

आमचे पहिले भागीदार निवृत्त हवामान निरीक्षक. सगळे त्यांना काका म्हणायचे. आजच्या आमच्या सॉफ्टवेअरमधले निम्मे नियम त्यांनी वहीवर बोट ठेवून दाखवलेले आहेत. कमाल तापमापक वाचून झाल्यावर झटकला नाही, तर पारा कालच्याच जागी राहतो. आज ऊन कमी पडलं तरी कालचाच आकडा पुन्हा लिहिला जातो. म्हणून दिवस गार असायला हवा होता तेव्हाही दशांशापर्यंत तोच आकडा आला की आम्ही खूण करतो. किमान तापमापकातलं अल्कोहोल नळीच्या वरच्या टोकाला जाऊन बसलं, तर तो कमी दाखवू लागतो. ते पकडायचं कसं? नोंद घेताना अल्कोहोलची पातळी आणि कोरडा (त्या क्षणीचं हवेचं तापमान दाखवणारा) तापमापक यांचा आकडा जुळायला हवा. तो फरक वहीच्या वेगळ्या रकान्यात लिहा म्हणून काका मागे लागायचे. बहुतेक ठिकाणी तो रकाना कोराच असतो.

तारखेचा घोळ तर कायमचा. सकाळी साडेआठला वाचलेलं कमाल तापमान आदल्या दुपारचं असतं, पण लिहिणारा ते आजच्या ओळीत टाकतो आणि अख्खी मालिका एक दिवस पुढे सरकते. लॉगर, म्हणजे आकडे आपोआप नोंदवणारं यंत्र, ग्रीनिच वेळेवर असेल तर त्याची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. डिसेंबरात किमान तापमान साधारण सूर्योदयाच्या सुमारास येतं, त्यामुळे एकच गार पहाट दोन दिवसांच्या किमान तापमानात मोजली जाते. म्हणून शेजारच्या केंद्रांशी ताडताना आम्ही त्यांचा आदला दिवस, तोच दिवस आणि दुसरा दिवस, असे तिन्ही बघतो.

आता चाळीस अंशांबद्दल.

स्वस्त केंद्रांत डीएस१८बी२० नावाचा सेन्सर असतो. वीज क्षणभर गेली आणि मोजमाप पुरं होण्याआधीच लॉगरने आकडा उचलला, तर तो ८५ अंश देतो. वायर तुटली की बहुतेक लॉगर उणे १२७ लिहितात. हे दोन्ही आकडे कोणीही पकडेल. पण लॉगर सरासरी काढून पाठवत असेल तर? पाच वाचनं ३१ची, एक ८५चं, सरासरी बरोब्बर ४०. आणि मार्चात ठाण्यात ४० अंश काही अशक्य नाहीत. पूर्वेचा वारा टिकला, खाडीवरून येणारा वारा दुपारी उशिरा आला, की पारा चढतो. सांताक्रूझचा मार्चचा विक्रम ४१.७ अंशांचा आहे, २८ मार्च १९५६चा. म्हणजे चुकीचा आकडा खऱ्याचा सदरा घालून आलेला.

त्यात आमची पहिली चाचणी भाबडी. महिन्याच्या सरासरीपासून सहा प्रमाण विचलनांपलीकडचा आकडा चूक, असा नियम (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप). हिशेब करायला हवा होता: ३० नोंदींत एकटा आकडा कितीही वेडा असला तरी ५.३ विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही, कारण तो स्वतःच सरासरी आणि विचलन दोन्ही ओढून नेतो. म्हणजे एकाच महिन्यावर ती चाचणी कधीच वाजणार नव्हती. सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घ्या आणि अनेक वर्षांच्या त्याच पंधरवड्याच्या किमान १०० नोंदी घ्या. अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेचा दैनिक नोंदींचा जागतिक संच १९ चाचण्यांतून जातो, त्यातही पंधरवड्याच्या किमान १०० नोंदींचा नियम आहे.

खोटे ४० पकडायच्या घाईत आम्ही नियम इतका आवळला, की शेजाऱ्यांपेक्षा ४ अंश वेगळा दिसला की आकडा खोडून तिथे शेजाऱ्यांची सरासरी भरायची. कोकणातल्या आंबा बागायतदारांच्या एका गटाच्या केंद्रावर सलग तीन दिवस खरीखुरी उष्णता होती. आमच्या फाइलमधला मधला दिवस ३४. फळपीक विम्यात ठरावीक मर्यादेच्या वरचे सलग दिवस मोजतात, साखळी तुटली की विषय संपला. मूळ आकडा आमच्याकडे नव्हता, आम्हीच त्यावर लिहिलं होतं. लॉगरची मेमरीही फिरून भरली होती. ती बातमी पसरली, दोन मोठी कामं गेली आणि गाळ्याचं भाडं थकलं. तारून नेलं ते गटाच्या सचिवांनी. दर पंधरवड्याला ते कार्डवरची फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचे, सवय म्हणून. त्यात ते दिवस जसेच्या तसे होते. तो गट आजही आमच्याकडे आहे आणि त्यांचं बिल आम्ही वाढवलेलं नाही.

गेलेली कामं ज्या कंपनीला मिळाली ती आमच्याच गल्लीतली. त्यांची जाहिरात ‘शंभर टक्के डेटा’. मूळ केंद्र दशांशाच्या एका घरापर्यंत मोजतं, पण त्यांच्या फाइलमध्ये मधूनच ३३.४५ दिसतो. दोन शेजाऱ्यांना मिळवून दोनने भागलं की असाच शेपटीला पाच येतो. आम्ही हे दाखवलं तेव्हा उत्तर मिळालं, रिकामे रकाने साहेबांना आवडत नाहीत. त्यांचं ऑफिस आता ऐरोलीत आहे, काचेचं.

आमच्याकडे मूळ रकाना बंद असतो. त्याच्या शेजारी एका अक्षराची खूण, तिच्या शेजारी सुचवलेला आकडा. चाचण्यांचा क्रमही ठरलेला: आधी तारीख आणि एकक, मग अशक्य मर्यादा, एका महिन्याची दुसऱ्या महिन्यात चिकटवलेली प्रत, एकच आकडा २० किंवा जास्त दिवस, मग ऋतूच्या मानाने वेगळेपण, कमालपेक्षा किमान जास्त आहे का, आणि शेजारी सर्वांत शेवटी. खूण झालेला आकडा पुढच्या चाचणीत घ्यायचा नाही, नाहीतर एका नासक्या केंद्रापायी चांगला शेजारी बदनाम होतो. शेजारी नुसत्या अंतरावरून निवडू नका. माथेरान आणि नेरळ जवळजवळ आहेत, पण उंचीमुळे माथेरान चांगलंच गार. कच्चे अंश नाही, प्रत्येकाचा स्वतःच्या नेहमीच्या तापमानापासूनचा फरक ताडायचा. किनाऱ्याची केंद्रं किनाऱ्याच्याच केंद्रांशी, कारण पूर्वेच्या वाऱ्यात ती आतल्या भागापेक्षा जास्त उसळतात. संशयित ४०च्या वेळी आर्द्रता बघा: खऱ्या दिवशी ती कोसळलेली असते आणि पारा तास-दोन तास वर राहतो. वीज गेल्याचा ४० दहा मिनिटांत उतरतो.

२९ मे २०२४ला दिल्लीतल्या मुंगेशपूरला ५२.९ अंश नोंदले गेले. सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता, हे नंतर हवामान खात्यानेच सांगितलं. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. ३ अंशांची स्थिर चूक ऋतूच्या चाचणीतून आरामात निसटते, ती फक्त शेजाऱ्यांसमोर उघडी पडते.

त्याहून हळू चूक कोणत्याच रोजच्या चाचणीत सापडत नाही. सेन्सरभोवतीचं कवच पिवळं पडतं, पंख्यात कोळिष्टकं होतात, घोडबंदर रोडला केंद्राशेजारी टॉवर उभा राहतो. त्यासाठी महिन्याच्या महिन्याला शेजाऱ्याशी असलेल्या फरकाचा आलेख काढतो. पायरी दिसली की माणूस पाठवतो, सोबत थर्मास, कुटलेला बर्फ आणि डिस्टिल्ड वॉटर. बर्फ पाण्यात तरंगता कामा नये, तळापर्यंत ठासलेला हवा. सेन्सर बुडवून पंधरा मिनिटं थांबायचं. पीटी-१००ने १०० ओहम दाखवले नाहीत, तर सेन्सर बदलायचा आणि बदलल्याची तारीख त्याच दिवशी फाइलमध्ये चढवायची.