बंदूक नाही? मग दंड भर

निवडणूक लागली की आमच्याकडं परभणी भागात लायसनवाल्यांना ठाण्यातून निरोप येतो, हत्यार जमा करा, आणि मग ते बंदूक देऊन पावती घेऊन येतात. इंग्रजांच्या ताब्यात असताना अमेरिकेतल्या वसाहतींमधे मात्र बरोबर उलटं होतं, तिथं घरात बंदूक नसली तर दंड व्हायचा. व्हर्जिनियात १६१९ सालीच नियम झाला की रविवारी चर्चला येताना बंदूक, तलवार, दारूगोळा सोबत आणायचा, नाही आणला तर ३ शिलिंग दंड.

मॅसॅच्युसेट्सचा १६९३ चा कायदा तर बघा, १६ ते ६० वयाच्या जवळपास सगळ्या पुरुषांना मिलिशियात, म्हणजे गावातल्या साध्या लोकांच्या फौजेत, नाव लावणं भाग होतं, आणि बंदूक चालू हालतीत पाहिजे, शिवाय एक पौंड बंदुकीची चांगली दारू, बंदुकीत बसतील अशा २० गोळ्या, ठिणगी पाडायला गारेचे १२ दगड, तलवार, हे सगळं स्वतःच्या पैशानं घ्यायचं. कवायतीच्या दिवशी हजेरी व्हायची आणि त्या तुकडीचा कारकून एकेकाचं सामान तपासायचा, कमी निघालं की वहीत नाव.

मला सगळ्यात जास्त लागलं ते गरिबाचं. ह्याच वसाहतीत त्याच्या आधीच्या, १६४८ च्या कायद्यात होतं की बंदूक मिळवता येत नसेल त्यानं कारकुनाकडं धान्य नाहीतर विकण्यासारखा दुसरा माल आणून टाकायचा, तोही बंदुकीच्या किमतीपेक्षा एक पंचमांश जास्त किमतीचा. आणि तेवढाही माल नसला अन माणूस बिनलग्नाचा असला तर कॉन्स्टेबल त्याला कुणाच्या तरी घरी चाकरीला लावणार, बंदुकीपुरतं फिटेपर्यंत. आपल्याकडं उचल घेऊन सालगडी राहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आता तिकडं काही लोक ह्या कायद्यांकडं बोट दाखवून म्हणतात, बघा तेव्हा सगळ्यांना बंदुकीचा हक्क होता, पण कायदा वाचला तर त्यात ड्युटी, तपासणी आणि दंडच जास्त दिसतो, आणि हे मला तरी विसरता येत नाही.

आणि 'सगळ्यांना' म्हणजे तरी कुणाला? व्हर्जिनियाच्या १६४० च्या आसपासच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, निग्रो सोडून सर्वांनी हत्यारं बाळगावीत. स्वातंत्र्य मिळाल्यावर १७९२ ला देशभराचा मिलिशिया कायदा झाला, त्यातही १८ ते ४५ वयाचे गोरे पुरुषच. बंदूक परत स्वतःच्याच पैशानं, आणि त्यासाठी मुदत फक्त ६ महिने.