मायसिनी: शापित घराण्याचा गड

अथेन्सहून निघून कोरिंथचा कालवा ओलांडला की पेलोपोनीज सुरू होतो. हा अख्खा द्वीपकल्प पेलोप्स राजाच्या नावाने ओळखला जातो. त्याची कथा ऐकताना मराठी माणसाला चिलया बाळ आठवणारच. बापाने, टँटलसने, पोराला कापून, शिजवून देवांच्या पानात वाढलं. पण आपल्याकडे देव भक्ताची परीक्षा घेत होता, इथे टँटलस देवांचीच घ्यायला निघाला होता. देवांनी ओळखलं, लेकीच्या दुःखात हरवलेल्या डिमिटर देवीने मात्र खांद्याचा घास घेतला. पोर जिवंत झालं, खांदा हस्तिदंती बसवावा लागला.

हाच पेलोप्स पुढे शर्यत जिंकायला सारथी मिर्टिलसला फितवतो आणि काम झाल्यावर त्यालाच समुद्रात ढकलतो. मरता मरता तो शाप देतो. त्या शापाचं पीक आलं ते त्याच्या वंशजांच्या गडावर, मायसिनीत.

गडाचा सिंहदरवाजा इ.स.पू. १२५० च्या सुमाराचा. दारावरची आडवी शिळाच सुमारे २० टनांची. वर स्तंभाच्या दोन बाजूंना दोन सिंहिणी, मुंडकी केव्हाच गेलेली. आत शिरल्याबरोबर उजवीकडे गोल कबरस्तान. १८७६ मध्ये जर्मन उत्खनक श्लीमनला इथे सोन्याचे मुखवटे सापडले आणि त्यातला एक त्याने अगामेम्नॉनचा, म्हणजे ट्रॉयवर चालून गेलेल्या मायसिनीच्या राजाचा, ठरवला. या कबरी ट्रॉयच्या युद्धाच्या मानलेल्या काळापेक्षा तीनेकशे वर्षं जुन्या आहेत, तरी मुखवट्याचं नाव काही बदललं नाही. अथेन्सच्या संग्रहालयात आजही त्याच्यासमोरच सगळ्यात जास्त गर्दी असते.

मला खरं गुंतवलं ते गडाबाहेरच्या ‘अॅट्रियसच्या खजिन्या’ने. खजिना कसला, थडगंच ते! ३६ मीटर लांब, दोन्ही बाजूंनी दगडी भिंती असलेली वाट, मग उंच दार, आणि आत एकदम गारवा. चिऱ्यांचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा आत सरकवत साडेतेरा मीटर उंचीवर घुमट मिटवलाय. दारावरच्या आतल्या शिळेचं वजन सांगतात १२० टन. मी मान मोडेपर्यंत वर बघत राहिलो.

अॅट्रियस म्हणजे पेलोप्सचा मुलगा. गादीवरून आणि बायकोवरून भावाशी, थायेस्टीसशी, वैर. समेटाच्या नावाखाली त्याला जेवायला बोलावून त्याचीच मुलं शिजवून त्याच्या पानात वाढली. भाऊबंदकी आपल्यालाही नवीन नाही, पण ही हद्द झाली. अॅट्रियसचा मुलगा अगामेम्नॉन. त्याने ट्रॉयला जाणाऱ्या गलबतांना वारा मिळावा म्हणून स्वतःची मुलगी इफिजेनिया बळी दिली. परतल्यावर बायकोने, क्लायटेम्नेस्ट्राने, त्याला न्हाणीघरात मारलं. तिच्या साथीला थायेस्टीसचा मुलगा एजिस्थस. मग अगामेम्नॉनचा मुलगा ओरेस्टीस आईला मारतो.

त्याचा खटला चालला म्हणतात तो अथेन्सच्या अरिओपॅगस टेकडीवर. संध्याकाळी तिथे चढलो. खडक इतका गुळगुळीत की बाजूचा लोखंडी जिनाच बरा. मतं समसमान पडली आणि अथेना देवीच्या मताने तो सुटला, हे सांगितल्यावर बायको भडकली. “आणि त्या पोरीच्या खुनाचा खटला? तो कुणी चालवलाच नाही?”

“चालवला की, तिच्या आईने. न्हाणीघरात.”