तुम्ही विचारलंत म्हणून: मागची लोकल पुढचीवर का आदळत नाही?

गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांनी लोकल सुटते, तरी टक्कर होत नाही. आणि पाऊस पडला की सिग्नल 'फेल' होतो. हे कसं? दोन्हींचं उत्तर रुळांत आहे.

रुळांचे इन्सुलेटेड जॉइंटनी, म्हणजे वीज अडवणाऱ्या सांधणीने, वेगळे केलेले तुकडे असतात. तुकड्याच्या एका टोकाला कमी व्होल्टेजचा पुरवठा, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेने उचलून धरलेला स्विच. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, वीज रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. त्यामागचा पिवळा, त्याही मागचा दुहेरी पिवळा. तार तुटली तरी रिले पडतोच. शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी चढलं की वीज पाण्यातून गळते आणि यंत्रणेला नसलेली गाडी दिसते. फलाटावर आपण ज्याला शिव्या घालतो तो बिघाड असा सुरक्षित बाजूचा असतो.

घातक बिघाड उलटा: गाडी उभी असून रिले न पडणं. क्वचित वापरातल्या रुळावर गंज चढला की असं होऊ शकतं. म्हणून काही ठिकाणी ॲक्सल काउंटर, म्हणजे आस मोजणारी यंत्रं, बसवतात. आत गेलेले आस आणि बाहेर पडलेले आस जुळले की मार्ग मोकळा. मोजणी चुकली तर रीसेट करावं लागतं. आत डबा राहिलेला नाही याची खात्री न करता ते केलं, तर सगळं मुसळ केरात.

उरतो माणूस. मोटरमनचा हात हँडलवरून सुटला की ब्रेक लागतो. मुंबईत 'एडब्ल्यूएस' (ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीम) ही इशारा देणारी यंत्रणाही आहे: सिग्नलजवळच्या चुंबकावरून इशारा मिळतो, पिवळ्याला काही सेकंदांत बटण दाबून पोच दिली नाही किंवा लाल ओलांडला, तर ब्रेक आपोआप लागतो. पण स्वयंचलित, म्हणजे गाड्यांच्या येण्या-जाण्याने आपोआप बदलणाऱ्या, लाल सिग्नलपाशी दिवसा १ आणि रात्री २ मिनिटं थांबून अगदी सावकाश पुढे जायची नियमानेच मुभा आहे. तिथून पुढे भिस्त डोळ्यांवर, आणि मुसळधार पावसात, वळणावर, पुढच्या गाडीचा मागचा दिवा उशिरा दिसतो. माझ्या मते सगळ्यात नाजूक जागा हीच.

'कवच', म्हणजे धोका दिसला की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, इथे कामी येईल. तेही सिग्नलचं म्हणणं खरं मानूनच चालतं, हे मात्र विसरू नका. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारला झालेल्या रेल्वे अपघातात सिग्नल मुख्य मार्गाचा हिरवा होता, सांधे (गाडीचा रूळ बदलणारे सरकते रूळ) मात्र लूप लाइनचे, म्हणजे बाजूच्या मार्गाचे; सर्किटमधल्या बदलांत चुका राहिल्या होत्या. म्हणून वायरिंगला हात लागला की एकेक मार्ग लावून, सांधे खरोखर कुठे वळलेत ते रुळांवर जाऊन पाहायचं, मगच सिग्नल वापरात घ्यायचा.