अग्बोग्ब्लोशी: भिंतीपलीकडचा धूर

जानेवारीत घानाच्या राजधानीत, अक्राला उतरलं की वाटतं, धुकं पडलंय. ते धुकं नसतं, सहारातून वाऱ्याबरोबर येणारी पिठासारखी धूळ असते. हरमट्टान म्हणतात त्या वाऱ्याला. सकाळी गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येतं आणि दुपारी सूर्याकडे सरळ बघता येतं. माझा दादा चार वर्षांपासून घानात, तेमा बंदराजवळ राहतो. वहिनीने माझ्यासाठी यादीच करून ठेवली होती: केप कोस्टचा किल्ला, काकुमचं जंगल, समुद्रकिनारा. अग्बोग्ब्लोशी म्हणजे अक्रातली ई-कचऱ्याची, जुनी इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक उपकरणं फोडून धातू काढायची जागा. "मला अग्बोग्ब्लोशीला जायचंय," म्हटल्यावर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "अगं, तिथे बघण्यासारखं काय आहे? जायचंच असेल तर तोंडाला रुमाल बांध, आणि दादाला कळवून जा."

केप कोस्टही पाहिलं. त्याबद्दल कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन, कारण गुलामांना जहाजावर चढवायचे ते दार बघून आल्यावर दोन दिवस मला काही सुचत नव्हतं. आज लिहायचंय ते उलट्या दिशेच्या जहाजांबद्दल, तिथे येणाऱ्या जहाजांबद्दल.

तेमातून अक्राला जाताना रस्त्यावर युरोपातून आलेल्या जुन्या गाड्या दिसतात. काही व्हॅनवर अजून जर्मन किंवा डच दुकानांची नावं असतात, ती कुणी पुसत नाही. दादाने मला एक गाडी दाखवली. मागची सीट दिसतच नव्हती. टीव्ही, मिक्सर, प्रिंटर, गाद्या, सायकलची चाकं, सगळं छपरापर्यंत ठासून भरलेलं. जुन्या गाडीच्या पोटात जुना माल घालून पाठवायची ही रीत पश्चिम आफ्रिकेत सर्रास आहे. शेजारच्या नायजेरियात, लागोसच्या बंदरांत २०१५-१६ मध्ये संशोधकांनी प्रत्यक्ष उभं राहून मोजणी केली. वर्षाला सुमारे ६० हजार टन वापरलेली इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक उपकरणं तिथे उतरत होती आणि त्यांतली बहुतेक अशा गाड्यांमध्ये भरूनच येत होती.

पण यातलं सगळंच भंगार नसतं, आणि हे नीट सांगायला हवं. अक्रात रस्त्याकडेला 'होम यूज्ड' मालाची दुकानं आहेत. होम यूज्ड म्हणजे युरोपातल्या घरात वापरलेलं. लोक हौसेने घेतात, कारण नव्या स्वस्त मालापेक्षा ते जास्त टिकतं असा त्यांचा अनुभव आहे. अशाच एका दुकानामागे एक मध्यमवयीन कारागीर पत्र्याच्या छपराखाली बसला होता. समोर उघडा टीव्ही, हातात सोल्डरिंग गन. फुगलेला कपॅसिटर त्याने काढला, दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरचा काढून तिथे बसवला, तारेचं टोक लावलं आणि पडदा उजळला. सगळं मिळून दहा मिनिटं. पुण्यात अशा कामासाठी मला दुकानदार "नवाच घ्या" म्हणून परत पाठवतात. मी त्याला विचारलं, सगळेच असे उठून बसतात का? त्याने मान हलवली. कंटेनर सोडवेपर्यंत आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणाला. पैसे आधी भरायचे, मग उघडून बघायचं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१०च्या सुमारास याच देशात पाहणी केली होती. आयात उपकरणांपैकी सुमारे ७० टक्के वापरलेली होती. त्या वापरलेल्यांतली ३० टक्के बंद अवस्थेतच उतरत होती. त्यातली निम्मी इथल्या कारागिरांनी दुरुस्त करून विकली. उरलेली निम्मी, म्हणजे दर शंभर वापरलेल्यांतली पंधरा, उतरली तेव्हाच कचरा होती. कागदावर मात्र ती 'वापरलेल्या वस्तू'च होती. युरोपात तो कचरा रीतसर मोडायला पैसे मोजावे लागतात. वस्तू म्हणून इथे पाठवला की उलट पैसे मिळतात.

कायदे नाहीत असं नाही. घातक कचऱ्याच्या व्यापारावरचा बासेल करार १९८९चा. १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको या छोट्या बंदरात इटलीहून आणलेली विषारी पिंपं एका माणसाच्या अंगणात साठवलेली सापडली होती, त्या संतापातून आफ्रिकी देशांनी १९९१ मध्ये स्वतःचा बामाको करार केला. घानाने २०१३ पासून जुने फ्रिज आणण्यावर बंदी बजावायला सुरुवात केली, २०१६ मध्ये ई-कचऱ्याचा वेगळा कायदा केला. आणि मी गेले त्याच महिन्यात, १ जानेवारी २०२५ पासून, बासेल कराराची नवी दुरुस्ती लागू झाली होती. आता घातक असो वा नसो, कुठलाही ई-कचरा दुसऱ्या देशात पाठवायचा तर त्या देशाची आधी संमती हवी. नियम चांगला आहे. पण कंटेनरच्या कागदावर 'कचरा' हा शब्द असेल तरच तो लागू होतो, आणि तो शब्द लिहितो कोण?

अग्बोग्ब्लोशीला मला घेऊन गेला तो मुलगा मूळचा उत्तर घानातला, दागोम्बा समाजाचा. तो पंधराव्या वर्षी बसने इकडे आला, सात वर्षं भंगार फोडलं, आता मोबाइल दुरुस्त करतो. त्याचं नाव लिहीत नाही, तशी त्याचीच इच्छा. वाटेत कांतामांतोचा जुन्या कपड्यांचा बाजार लागला. नववर्षाच्या पहिल्याच रात्री तिथे आग लागली होती. तीन आठवडे उलटले तरी जळक्या कापडाचा वास होता आणि माणसं राखेवरच नवी फळकुटं ठोकत होती. "इथला एक शेजार संपला की दुसरा सुरू," तो म्हणाला.

मग भिंत आली. जगभरच्या फोटोंत दिसायचं ते अग्बोग्ब्लोशी आता त्या जागेवर नाही. २०२१च्या जुलैत सरकारने कांद्याचा बाजार शहराबाहेर अजेन कोतोकूला हलवला आणि पाठोपाठ भंगाराचं अख्खं आवार बुलडोझरने साफ केलं. हजारो माणसांचं हातावरचं पोट होतं तिथे. माझ्या वाटाड्याचाही गाळा होता. हातोडा, छिन्नी, वजनकाटा आणि दोन गोणी बोर्ड, एवढंच त्याला उचलता आलं. थोड्या अंतरावरच जर्मनीच्या मदतीने उभारलेलं प्रशिक्षण केंद्र आणि छोटा दवाखाना आहे, तिथे तो मोबाइलचं काम शिकला. ते केंद्र चांगलं आहे असं तो दोनदा म्हणाला.

भिंतीपलीकडे ओदॉ नदी. नदी म्हणायचं ते नकाशात आहे म्हणून. काळं पाणी, त्यावर पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक पिशव्यांचा थर, आणि त्या थरावर शांतपणे चालणारे पांढरे बगळे. हे पाणी पुढे कोर्ले लगून या समुद्रालगतच्या सरोवराला मिळतं आणि तिथून समुद्राला. अक्राच्या मूळच्या गा लोकांसाठी हे लगून देवतेचं स्थान आहे. काठावर गाई चरत होत्या, कशावर ते मी बघितलं आणि मग बघायचं टाळलं.

शेजारीच ओल्ड फदामा ही दाट वस्ती. भंगाराचं आवार गेलं तसं काम वस्तीत शिरलं, घरांच्या अगदी मधे. पूर्वी धूर मैदानात उठायचा, आता स्वयंपाकाच्या चुलीपासून वीस पावलांवर उठतो.

वायरी जाळायची पद्धत मी जवळून पाहिली. सतरा-अठरा वर्षांची तीन मुलं होती. पायात स्लीपर, हातात लोखंडी सळी. वायरींचा गुंता त्यांनी उशीएवढा गोळा करून बांधला. फ्रिजच्या दारातला पिवळा फोम आणि टायरचा तुकडा खाली घातला, काडी लावली. फोम भसकन पेटतो. आधी नारिंगी ज्वाळा, मग वायरीचं प्लास्टिक वितळून गळायला लागलं की हिरवट निळी झाक येते, ती तांब्याची. धूर काळा, जड, वर न जाता आडवा पसरणारा. मी रुमाल बांधला होता तरी जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव आली, डोळे चुरचुरले. मुलं वाऱ्याच्या दिशेप्रमाणे सरकत होती, पण वारा फिरत होता. पाच मिनिटांनी एकाने पाण्याची पिशवी दातांनी फोडून गोळ्यावर ओतली, सळीने आपटली, आणि काळ्या कोळशातून लालसर तांबं दिसायला लागलं. ते चमकलं तेव्हा तो हसला, कामाचं चीज झालं की माणूस हसतो तसं.

वायरीवरचं आवरण बहुधा पीव्हीसी असतं. त्यात क्लोरीन असतो, आणि तांब्याच्या सान्निध्यात तो जळला की डायॉक्सिन ही अतिविषारी द्रव्यं तयार होतात. शिसं, कॅडमियम राखेत उरतं. इथल्या कामगारांच्या लघवीच्या तपासणीत शिसं आणि अँटिमनी इतरांपेक्षा जास्त आढळलेलं आहे. वायर सोलायची यंत्रं एका संस्थेने २०१४ मध्येच आणून बसवली होती. जाड केबल त्यात सोलली जाते. चार्जरच्या, हेडफोनच्या केसासारख्या बारीक वायरींपुढे यंत्र हात टेकतं. त्या शेवटी आगीतच जातात.

जरा पुढे सात-आठ वर्षांचा एक मुलगा दोरीला काहीतरी बांधून जमिनीवरून ओढत चालला होता. मला वाटलं खेळणं असेल. वाकून बघितलं तर स्पीकरमधलं गोल लोहचुंबक. त्याला स्क्रू, खिळे, पत्र्याचे कपचे चिकटलेले. दर थोड्या वेळाने तो थांबून ते बोटांनी खरवडून डब्यात टाकायचा. आम्हीही लहानपणी असंच चुंबक वाळूतून फिरवायचो, चिकटलेल्या काळ्या कणांच्या मिश्या कागदावर नाचवायचो. तो आमचा खेळ होता. हा मुलगा डबा भरल्यावर काट्यावर नेतो. राखेत खरवडलेली तीच बोटं त्याने माझ्यासमोर चाटली, कारण कुणीतरी त्याच्या हातावर साखर ठेवली होती.

एका दारात उत्तरेकडून आलेली एक बाई बसली होती. दिवसभर बाजारात डोक्यावर ओझी वाहणाऱ्या या बायकांना इथे कायायेई म्हणतात. तिच्या कोंबड्या समोरच्याच काळ्या मातीत पाय मारून टिपत होत्या. २०१९ मध्ये संशोधकांनी अग्बोग्ब्लोशीत मोकाट चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासली. असं एक अंडं खाल्लं तर मोठ्या माणसाच्या पोटात युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या दैनिक मर्यादेच्या २२० पट क्लोरीनयुक्त डायॉक्सिन जातात. हा आकडा मी घरून वाचून आले होते. ती बाई उठली, आत गेली आणि पाहुणी म्हणून मला दोन उकडलेली अंडी घेऊन आली, सोबत मिरचीची चटणी. मी पोट बिघडल्याचं खोटं सांगितलं. तिने ती पोराला दिली. त्या क्षणी मी काय बोलायला हवं होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

परतताना काट्याशी थांबलो. मला बघून तिथल्या माणसाने विचारलं, "इंडियन? किती टन हवंय?" भंगारातला धातू घेणारे भारतीय व्यापारी त्याच्या ओळखीचे आहेत, मीही त्यांच्यातलीच असणार असं त्याने धरलं. मी नाही म्हटलं. पण त्याचा प्रश्न रास्त होता. इथून निघालेलं तांबं कारखान्यांकडे जातं, आणि कुठल्या वायरीत, कुठल्या देशात परत येतं ते कुणी सांगू शकत नाही. धूर तेवढा इथे राहतो.

आणि हेही खरं की आज इथे जळणारं सगळंच जहाजातून थेट आलेलं नाही. घानात वर्षानुवर्षं वापरून संपलेला मालही आता मोठ्या प्रमाणात आहे. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला एक चतुर्थांशाहूनही कमी, २२.३ टक्के, रीतसर गोळा होऊन मोडला गेला. दिल्लीच्या सीलमपूरच्या गल्ल्यांत मी हेच हातोडे ऐकलेले आहेत. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली, तिची मागणी कचरा वेचणाऱ्या बायकांना हटवा अशी नव्हती. त्यांना ओळखपत्र द्या, कचऱ्यावरचा त्यांचा हक्क माना, अशी होती. इथल्या भंगारवाल्यांची संघटनाही तेच म्हणत होती. बुलडोझर आला तेव्हा कुणी ऐकलं नाही. माणसांच्या हातातलं कौशल्य आधीच तयार होतं, ते मोडून काढलं आणि आग मात्र वस्तीत ढकलली, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही.

वायरी जाळणाऱ्यांतल्या सगळ्यात लहान मुलाची पाळी आली. तांबं काट्यावर गेलं, नोटा हातात आल्या. त्याने त्या लगेच बाजूच्या छत्रीखालच्या बाईला दिल्या आणि मोबाइलवरून आईला पाठवल्या. मोमो म्हणतात त्याला, मोबाइल मनी. त्याच्या फोनची काच तीन ठिकाणी तडकलेली, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. मग त्याने आईला फोन लावला. माझा वाटाड्या हळूच मला सांगत गेला: पैसे पोचले का, धाकटीची फी भर, हो, जेवलो, हो, काम बरं आहे, दुकानात आहे.

बोलता बोलता त्याला खोकला आला. त्याने पटकन फोन छातीशी दाबून धरला, तोंड भिंतीकडे वळवलं, पोटातून ढवळून येणारा तो खोकला संपेपर्यंत वाट बघितली, थुंकला, ओठ पुसले, आणि फोन पुन्हा कानाला लावला.