दहावा क्रमांक की एक टप्पा?

टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीत एकूण क्रमवारीत, म्हणजे सगळ्या टप्प्यांच्या वेळेच्या बेरजेत, दहावा येणाऱ्याला ३,८०० युरो बक्षीस मिळतं. एक टप्पा, म्हणजे एका दिवसाची शर्यत, जिंकणाऱ्याला ११,०००. सातव्याला ११,५००. म्हणजे २१ टप्पे रोज जीव मुठीत धरून, एकही वाईट दिवस येऊ न देता सातवं यायचं, आणि हातात पडतं ते एका दुपारच्या विजयाएवढंच. वरच्या टोकाला मात्र चित्र वेगळं आहे: पहिल्याला ५ लाख, दुसऱ्याला २ लाख, तिसऱ्याला १ लाख, चौथ्याला ७०,०००, पाचव्याला ५०,०००. सहावा एकदम २३,००० वर येतो.

युसीआयचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाचे, गुण नेमकं उलटं सांगतात. टूर जिंकणाऱ्याला १३०० गुण, पाचव्याला ५८०, दहाव्याला २६०. टप्पा जिंकणाऱ्याला २१०. गुणांच्या हिशेबात दहावा क्रमांक टप्प्याच्या विजयापेक्षा वरचढ ठरतो. पैसा एकीकडे ओढतो, गुण दुसरीकडे, आणि मधे सापडतो तो सायकलपटू.

जुलैत आपल्याकडे इंदूरला टप्पा रात्री नऊच्या सुमारास संपतो, सराफ्यात खाणाऱ्यांची गर्दी जमू लागते तेव्हा. दुसऱ्या दिवशी पहाटे सुपर कॉरिडॉरवर सायकली भेटल्या की विषय हाच: अमका आठव्या क्रमांकासाठी का झटतोय, टप्पा का नाही मारत? त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं म्हणून हे लिहितो आहे. माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या पाचांत येण्याची खरी ताकद नसेल, तर एकूण क्रमवारी सोडून द्यावी. आणि ती पहिल्याच आठवड्यात सोडावी, मुद्दाम मिनिटं गमावून.

ताकद म्हणजे काय, ते आकड्यांत बघू. लांब चढावर वेळ ठरते ती शरीराच्या दर किलोमागे किती वॅट निघतात यावर. ४० मिनिटांच्या चढावर एक जण ६.० वॅट प्रति किलो लावतो आणि दुसरा ५.८. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा, पण शिखरावर तो सव्वा मिनिटाचा होतो. असे चार मोठे चढ झाले की पाच मिनिटं गेली. ही पाच मिनिटं हुशारीने, चांगल्या उताराने किंवा बोनसने भरून निघत नाहीत. टप्प्याच्या शेवटी पहिल्या तिघांना मिळणारा बोनस १०, ६ आणि ४ सेकंदांचाच असतो. आपल्या माळव्यात वीस मिनिटांचा अखंड चढ मुश्किलीने सापडतो, त्यामुळे हा फरक किती निर्दय आहे ते सिमरोल किंवा भेरूघाट चढून कळत नाही. आल्प द्युएझ १३.८ किलोमीटरचा आहे, सरासरी चढ आठ टक्क्यांच्या वर. तिथे ०.२ वॅटचा फरक लपवायला जागाच नसते.

तर मग ५.८ वाल्याने काय करायचं? ब्रेकअवेत, म्हणजे मुख्य जथ्यापासून सुटून पुढे निघालेल्या छोट्या गटात, जायचं. पण त्याला ब्रेकअवेत जाऊ कोण देणार, ही खरी अडचण आहे. तो सातव्या क्रमांकावर चार मिनिटं मागे असेल, तर त्याने हल्ला केला, म्हणजे अचानक वेग वाढवून निसटू पाहिलं, की पिवळ्या जर्सीचा (क्रमवारीत पहिल्या असलेल्याचा) संघ लगेच मागे लागतो. पिवळ्या जर्सीवाल्याला पर्वा नसली, तरी आठव्या, नवव्या आणि दहाव्या क्रमांकावाल्यांचे संघ आपली जागा राखायला पाठलाग करतात. टीव्हीवर बघताना हे पटकन लक्षात येत नाही: सात-आठ मिनिटं मागे असलेल्याला बहुतेक वेळा पिवळ्या जर्सीवाला पकडत नाही, त्याच्या शेजारचे क्रमांकवाले पकडतात. म्हणून मोकळीक हवी असेल तर पाच-सात मिनिटं मागे असून भागत नाही. पंधरा-वीस मिनिटं मागे पडायला हवं, म्हणजे क्रमवारीत कुणालाच तुमचा धोका वाटणार नाही.

हे मागे पडणंही नीट करावं लागतं. सपाट टप्पा त्यासाठी निरुपयोगी, तिथे सगळा जथा एकाच वेळेत नोंदला जातो. पहिला डोंगरमाथ्यावर संपणारा टप्पा निवडायचा. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी जोर काढून घ्यायचा आणि ६ ऐवजी ४ वॅट प्रति किलोने वर जायचं. दहा-बारा मिनिटं आपोआप जातात आणि पाय वाचतात. खाणं-पिणं मात्र शर्यतीच्या दिवसासारखंच चालू ठेवायचं. आज आरामाचा दिवस म्हणून कमी खाल्लं की दोन दिवसांनी त्याची किंमत मोजावी लागते. वेळमर्यादेकडेही लक्ष हवं, ती ओलांडली की शर्यतीतून बाद. ती विजेत्याच्या वेळेच्या टक्केवारीत असते आणि टप्प्याची अवघडता व सरासरी वेग यांवरून ठरते. समजा विजेत्याला पाच तास लागले आणि मर्यादा १५ टक्के असली, तर ४५ मिनिटं मिळतात. त्या कडेपर्यंत जायची गरजच नसते. दुसऱ्या डोंगरी टप्प्यावर हेच पुन्हा करायचं, की काम झालं.

वेळ गमावण्याचं फळ किती मोठं असू शकतं ते २००६ च्या टूरमध्ये दिसलं. ऑस्कर पेरेइरो पिरेनीजच्या टप्प्यावर भरपूर मागे पडला होता, म्हणून माँतेलिमारच्या टप्प्यात त्याच्या ब्रेकअवेला मोठ्या संघांनी जाऊ दिलं. ती मंडळी जवळपास ३० मिनिटं पुढे पोचली आणि पेरेइरो थेट पिवळ्या जर्सीत गेला. पुढे फ्लॉइड लँडिस उत्तेजक प्रकरणात बाद झाला आणि टूरचं विजेतेपद पेरेइरोकडे आलं. असं पुन्हा सहसा घडणार नाही, कारण संघ आता इतकी ढील देत नाहीत. पण जथा कुणाला सोडतो आणि का सोडतो, हे समजायला याहून चांगलं उदाहरण नाही.

माझ्या दृष्टीने या बाबतीत सर्वांत शहाणा निर्णय बेल्जियमच्या थॉमस डे गेंटचा. २०१२ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, तो स्टेल्व्हियोच्या घाटमाथ्यावर टप्पा जिंकून एकूण क्रमवारीत तिसरा आला. असा निकाल लागल्यावर कुणीही आयुष्यभर क्रमवारीमागे धावला असता. त्याने ब्रेकअवे निवडला आणि तिन्ही ग्रँड टूरमध्ये (इटली, फ्रान्स आणि स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतींत) टप्पे जिंकले. २०१९ च्या टूरमध्ये सेंट-एतियनला तो सुरुवातीपासून पुढे होता. शेवटी आलाफिलिप आणि पिनो मागून तुटून पडले, तरी तो ६ सेकंदांनी वाचला.

ब्रेकअवे म्हणजे नशीब, असं म्हणणाऱ्यांनी त्यातलं काम पाहिलेलं नसतं. दिवस निवडणं हे पहिलं काम. ज्या टप्प्यात स्प्रिंटर टिकणार नाहीत आणि क्रमवारीवाल्यांना फारसा फायदा नाही, असे मध्यम डोंगराचे टप्पे तीन आठवड्यांत मोजकेच असतात. त्या दिवशी सुरुवातीआधी रोलरवर वीस मिनिटं घाम काढायचा, आणि खऱ्या सुरुवातीआधीच्या संथ चालवण्याच्या पट्ट्यातच पुढच्या ओळींत जागा धरायची. झेंडा पडला की पहिले आठ-दहा हल्ले बहुधा वाया जातात. सगळ्यांमागे धावलं तर पाऊण तासात पाय संपतात. ज्या हल्ल्यात मोठ्या संघांचा एकेक माणूस आहे, तो टिकतो. ज्या संघाचा कुणीच पुढे नाही, तो पाठलाग करतो. म्हणून आत कोण आहे यापेक्षा बाहेर कोण राहिलं, हे बघून जोर लावायचा.

सर्वांत जास्त बिघडतं ते याच पहिल्या तासात. श्वास इतका चढलेला असतो की खायची आठवणच राहत नाही. तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पाच तासांच्या टप्प्याला ४५० ते ६०० ग्रॅम, आणि सुरुवात पहिल्या अर्ध्या तासातच. पहिल्या तासाची तूट नंतर भरता येत नाही, कारण आतडं तासाला ठरावीकच शोषतं. चौथ्या तासाला शेवटच्या चढावर जो अचानक थांबल्यासारखा दिसतो, तो पुष्कळदा सकाळी उपाशी राहिलेला असतो. सायकलही वेगळी हवी. क्रमवारीवाला डोंगरात हलकी चाकं लावतो. ब्रेकअवेवाल्याला दिवसभर वारा अंगावर घ्यायचा असतो, त्याने खोल रिमची चाकं लावावीत. सायकलचं किमान वजन ६.८ किलो ठरलेलंच आहे, त्यामुळे तोटा थोडा होतो आणि सपाटीवर वॅट वाचतात.

मागच्या जथ्याचा हिशेब जुना आणि भरवशाचा आहे: सपाट रस्त्यावर जथा दर १० किलोमीटरला एक मिनिट कापतो. ५० किलोमीटर उरले असताना चार मिनिटं हातात असतील, तर पकडले जाणार असंच धरून चालावं. वळणांचा, चढउतारांचा अरुंद रस्ता असेल तर हिशेब ब्रेकअवेच्या बाजूला झुकतो. शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये सहकार्य तुटतं. स्प्रिंट कच्ची असलेल्याने थांबून राहू नये. सगळ्यांत वेगवान माणूस पुढे वारा कापण्याची आपली पाळी संपवून मागे सरकत असतो, त्याच क्षणी निघावं. चढावर निघण्यापेक्षा माथा ओलांडताना निघालेलं बरं, कारण तिथे सगळे श्वास घ्यायला क्षणभर ढिले पडतात.

आता क्रमवारीची लपलेली किंमत. ग्रँड टूरला संघात आठ जण असतात. एकाला दहावं आणायचं तर बाकी सात जण वाऱ्याला तोंड देतात, बाटल्या आणतात, पंक्चर झालं तर स्वतःचं चाक देतात. त्यांतले दोघे-तिघे स्वतः टप्पा जिंकू शकले असते. आणि इतकं करून एक आडवा वारा सगळं संपवू शकतो. २०१३ च्या टूरमध्ये वाल्वेर्दे दुसरा होता. सेंट-आमाँच्या सपाट टप्प्यावर त्याचं चाक बिघडलं, पुढे आडव्या वाऱ्यात जथा तुटला आणि त्याची जवळपास दहा मिनिटं गेली. शेवटी तो आठवा आला. तेव्हाच्या नियमाने शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये पडलं किंवा पंक्चर झालं तर ठरलेल्या टप्प्यांवर वेळ वाचत असे, पण हे ३ किलोमीटरच्या कितीतरी आधी घडलं होतं.

दुसऱ्या बाजूचा सगळ्यात खरा युक्तिवाद संघाच्या व्यवस्थापकाचा असतो, आणि तो मी हलका मानत नाही. वर्ल्डटूर या सर्वोच्च श्रेणीत १८ संघांना जागा आहे, हिशेब तीन वर्षांच्या गुणांवर होतो, आणि २०२३ ते २०२५ च्या फेरीत प्रत्येक संघाचे सर्वोत्तम २० जण मोजले गेले. २०२२ च्या अखेरीस लोटो आणि इस्रायलचा संघ असे दोन संघ खाली गेले. खाली गेलेल्या संघाला प्रायोजक टिकवणं अवघड होतं, आणि शेवटी नोकऱ्या जातात त्या यांत्रिक आणि मालिश करणाऱ्यांच्या. तळाशी झुंजणाऱ्या संघाने आपल्या माणसाला २६० गुणांसाठी दहाव्या क्रमांकाला चिकटून राहायला सांगितलं, तर त्याला दोष देता येत नाही. मात्र जो संघ वर सुरक्षित आहे, त्याने हाच मार्ग धरला तर ती भित्री शर्यत आहे, असंच मी म्हणेन.

आणि दहावा क्रमांक टप्प्यांच्या वाटेनेही येतो. २०२५ च्या टूरमध्ये बेन हीलीने सहावा टप्पा एकट्याने जिंकला, दहाव्या टप्प्याच्या ब्रेकअवेतून पिवळी जर्सी घेतली, हौताकामच्या चढावर १३ मिनिटांहून जास्त गमावली, पुन्हा व्हाँतू डोंगराच्या टप्प्यात ब्रेकअवेत जाऊन दुसरा आला, आणि पॅरिसमध्ये नववा होता. इतर क्रमवारीवाले रोज सेकंद राखत होते, तो मिनिटं कमावत आणि गमावत होता. जागा तीच मिळाली, आणि टप्पा वर.

स्प्रिंटरसाठी प्रश्नच नाही. कॅव्हेंडिशने टूरचे ३५ टप्पे जिंकले, मेर्क्सच्या ३४ पेक्षा एक जास्त, आणि क्रमवारीत तो कधी दिसला नाही. दुसऱ्या टोकाला पोगाचार: २०२४ मध्ये जिरो आणि टूर दोन्ही जिंकल्या, आणि दोन्हींत सहा-सहा टप्पे. त्याच्यासारख्याला निवड करावीच लागत नाही. निवड करावी लागते ती सहाव्या ते पंधराव्या क्रमांकाच्या ताकदीच्या माणसांना, आणि जथ्यात त्यांचीच संख्या मोठी असते.

आपल्या मुलांसाठी हा हिशेब जरा बदलतो. जानेवारी २०२६ मध्ये झालेली ‘पुणे ग्रँड टूर’ (नावापुरतीच ग्रँड टूर) युसीआयच्या २.२ या खालच्या दर्जाची होती: प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीची छोटी एकेकट्याची शर्यत, आणि चार टप्पे. या दर्जात एकूण विजेत्याला ४० गुण, टप्प्याला ७, म्हणजे गुणांत क्रमवारीचं वजन साधारण टूरइतकंच पडतं. पण इतक्या छोट्या शर्यतीत क्रमवारी बहुधा एकाच ब्रेकअवेत ठरते. म्हणून इथे वेळ मुद्दाम गमावण्यात अर्थ नाही. सगळे एकमेकांपासून मिनिटाच्या आत असताना पहिल्या मोठ्या फुटीत पुढे असणं हेच टप्प्याचं काम आणि हेच क्रमवारीचं.

त्यासाठीचा सराव इंदूरजवळ होऊ शकतो. अडीच तास मध्यम गतीने चालवून झाल्यावर घाटात पाच वेळा ५ मिनिटांचे जोरदार चढ, मधे ३ मिनिटं सैल. दमलेल्या पायांनी पुन्हा पुन्हा जोर लावता येणं, हीच ब्रेकअवेवाल्याची ताकद. खंडवा रोडच्या घाटात ट्रक फार असतात, तिथे हा सराव करू नये. महूच्या पुढे जानापावचा चढ पहाटे त्यापेक्षा मोकळा मिळतो. पाचवा चढ पहिल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त कमी वॅटचा झाला, तर पुढच्या आठवड्यात चढ वाढवायचे नाहीत, आधी अडीच तासांतलं खाणं तपासायचं.