आमची वाटचाल : सोलापुरातलं दहावीचं ऑनलाइन गणित

सुरुवात रेकॉर्ड केलेल्या तासांपासून झाली. आज आमचा पैसा व्हिडिओपेक्षा चाचण्या तयार करण्यावर जास्त जातो.

पालक हमखास विचारतात, ‘आमच्या पोराला बघूनच कळतं, तसं काही आहे का तुमच्याकडे?’ बरीच ॲपं हेच विकतात. नील फ्लेमिंग यांच्या ‘वार्क’सारखी प्रश्नावली भरून घ्यायची, मुलावर दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन किंवा कृती असा शिक्का मारायचा आणि त्याच साच्यातले धडे पाठवायचे. आम्ही हे देत नाही. पॅशलर, मॅक्डॅनियल, रोरर आणि बियॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये यासाठी लागणारा पुरावा शोधला. तो जवळजवळ सापडलाच नाही.

कोणी असं ॲप दाखवलंच, तर तपासायचं कसं? दृश्य ठरलेल्या मुलांत चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना चित्रांचा धडा द्यायचा, निम्म्यांना ऐकण्याचा. श्राव्य मुलांतही तेच. मग आठवड्यानं सगळ्यांना एकच लेखी पेपर. दृश्य मुलांना चित्रांनी आणि श्राव्य मुलांना ऐकून जास्त गुण पडले, तरच शिक्का कामाचा. चित्रांच्या धड्यानं दोन्हीकडचे गुण वाढले, तर धडाच चांगला आहे. तो सगळ्यांना द्या. दोन साध्या गटांत अर्ध्या प्रमाण विचलनाचा (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) फरक पकडायला प्रत्येकी सुमारे ६४ मुलं लागतात. इथे फरकांमधला फरक (दृश्य मुलांतला वजा श्राव्य मुलांतला) मोजायचा, म्हणून चारही गटांत प्रत्येकी सुमारे १२८. एका वर्गाच्या जिवावर केलेले दावे इथेच गळतात. ‘व्हिडिओ किती वेळ पाहिला’ हा आकडा तर धरूच नये. घरात एकच मोबाइल असला की धाकटी बहीणही त्याच खात्यावर असते.

मुलागणिक बदल आम्हीही करतो, पण मूल कुठं अडलंय ते बघून. ‘अर्थनियोजन’ या धड्यातलं उदाहरण घ्या. चादरीचं बिल करासह ८४० रुपये, जीएसटी ५ टक्के धरा, करपात्र किंमत काढा. बरीच मुलं ८४०चे ५ टक्के, म्हणजे ४२ वजा करून ७९८ लिहितात. उत्तर ८०० आहे, कारण कर मूळ किमतीवर लागलाय: ८४० × १०० ÷ १०५. ७९८ लिहिणाऱ्याला जीएसटी पुन्हा शिकवून उपयोग नाही, त्याला आधीच्या इयत्तांतली शेकडेवारी द्यावी लागते. ८०० बरोबर काढून सीजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा वाटा) ४० लिहिणाऱ्याला मात्र तेवढंच सांगायचं, की कर केंद्र आणि राज्यात निम्मा-निम्मा, वीस-वीस.

पूर्व भागातल्या तेलुगू घरांतली काही मुलं आकडेमोडीत पक्की असतात, अडतात ती प्रश्नाच्या मराठीत. म्हणून तोच प्रश्न आधी नुसत्या आकड्यांत विचारतो. तो सुटला, तर पुढचा सराव शाब्दिक उदाहरणांचा.

सात दिवसांनी आकडे बदलून तेच गणित परत येतं. तेव्हाही चुकलं, तर संध्याकाळी सरांचा फोन जातो.